कात्रीबरोबर फणीही हवी

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिणेकडील गडहिंग्लज, चंदगड, आजरा, कागल या तालुक्यांत आणि सीमेपलीकडच्या निपाणी-हुक्केरी भागात अनेक घरांतून आजही एक रीत पाळली जाते. लहान मुलीच्या डोक्यातील केसांचा एखादा गुंता सुटेनासा झाला, की घरातील वडीलधारी बाई फणी खाली ठेवते. देवीने पोर मागितली, आता या केसांना हात लावायचा नाही, असे आईला बजावले जाते. गुंत्याला हळदकुंकू लागते, त्यावर भंडारा पडतो, मंगळवार-शुक्रवारी त्याची पूजा होते. काही महिन्यांत त्या गुंत्याची जट होते आणि सात-आठ वर्षांच्या त्या पोरीचे पुढचे सारे आयुष्य जणू त्या जटेला बांधले जाते. शाळेत तिच्या शेजारी कोणी बसत नाही. डोक्यात उवा होतात, ओली जट दिवसदिवस वाळत नाही, मान अवघडते, रात्री कुशीवर नीट झोपता येत नाही. आणि या साऱ्या त्रासाबद्दल तिने तक्रार केली, तर ती देवीविरुद्धची तक्रार ठरते.

या प्रश्नाकडे पुरोगामी चळवळीने आजवर प्रामुख्याने अंधश्रद्धेचा प्रश्न म्हणून पाहिले. ते योग्यच झाले. परंतु अंधश्रद्धा ही या प्रश्नाची एक बाजू आहे. दुसरी बाजू अशी, की लहान मुलीच्या केसांची निगा ही श्रम, वेळ, पाणी आणि पैसा मागणारी गोष्ट आहे आणि ज्या घरांत या चारही गोष्टींची चणचण असते तेथे गुंता अगोदर होतो, देवी मागाहून येते. ही दुसरी बाजू लक्षात घेतली नाही, तर चळवळीची कात्री वर्षानुवर्षे जटा कापत राहील आणि नव्या जटा होतच राहतील.

कायद्याचा हात कोठवर पोहोचतो

कायद्यांची वाण या प्रदेशात कधीच नव्हती. राजर्षी शाहू छत्रपतींनी कोल्हापूर संस्थानात १९२० साली जोगत्या-मुरळीच्या प्रथेला आळा घालणारा कायदा केला. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षण कायदा झाला. स्वातंत्र्यानंतरही प्रथा चालूच राहिली, तेव्हा १९७५ साली महात्मा फुले समता प्रतिष्ठानच्या वतीने गडहिंग्लज येथे देवदासींची परिषद भरली. डॉ. बाबा आढाव आणि गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्यांनी हा प्रश्न देवळाच्या आवारातून काढून सार्वजनिक व्यासपीठावर आणला. पुढे कर्नाटकाने १९८२ साली देवदासी समर्पणबंदीचा कायदा केला आणि महाराष्ट्राने २००५ चा देवदासी प्रथा निर्मूलन अधिनियम केला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदाही अस्तित्वात आला.

या कायद्यांनी आणि त्यामागील चळवळींनी बरेच साधले. सौंदत्तीच्या डोंगरावर यात्रेत उघडपणे मुली सोडण्याचा प्रकार पूर्वीसारखा राहिला नाही. पण जटेच्या बाबतीत या कायद्यांची एक स्वाभाविक मर्यादा आहे. कायदा कृतीला शिक्षा देतो. मुलीच्या गळ्यात लाल-पांढऱ्या मण्यांची माळ बांधणे ही कृती आहे, समर्पणाचा विधी ही कृती आहे, अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचे भासवून लोकांना भीती घालणे हीही कृती आहे. जट मात्र कोणी करत नाही. ती काही न केल्याने होते. मुलीचे डोके आज विंचरले नाही, उद्या विंचरले नाही, महिनाभर विंचरले नाही, एवढीच तिची जन्मकथा. न विंचरण्याबद्दल कोणत्या आईवर खटला भरावा? आणि भरता आला, तरी तो भरावा काय? ऊसतोडीला किंवा तंबाखूच्या वखारीत जाणाऱ्या बाईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून मुलीच्या डोक्याला तेल लागणार नाही.

जट म्हणजे काय

भीती घालवायची तर प्रथम जटेचे शास्त्र साध्या शब्दांत सांगितले पाहिजे. त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्यात रक्त नाही, मज्जातंतू नाहीत. त्यामुळे जट कापली तर रक्त येते ही समजूत जितकी प्रचलित आहे तितकीच निराधार आहे. केसाच्या पृष्ठभागावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. केस एकमेकांवर घासले, की हे खवले परस्परांत अडकतात. लोकर ओली करून मळली की तिचा नमदा होतो, तो याच कारणाने. डोक्यात उवा-लिखा असल्या, खाजवून जखमा झाल्या, त्यांतून लस किंवा पू आला, घाम आणि धूळ साचली, की हा नमदा चिकटून घट्ट होतो. त्यावर हळद आणि भंडारा पडत राहिला तर तो दगडासारखा होतो. एकदा ही अवस्था आली, की तो गुंता सोडवता येत नाही, कापावाच लागतो.

परंतु त्या अवस्थेच्या अगोदर पुष्कळ वेळ हाती असतो. पहिल्या काही दिवसांत, कित्येकदा पहिल्या काही आठवड्यांतही, तेल लावून, बोटांनी बटा सुट्या करून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून मुळाकडे हळूहळू विंचरत गेले तर गुंता सुटतो. मुळापासून खाली ओढत गेले तर तो आवळतो आणि पोर रडते. जुन्या बायकांना हे ज्ञान पुरेपूर होते. केस महिन्याला सुमारे एक सेंटीमीटर वाढतो. म्हणजे जट झाल्यानंतरही दोन-तीन महिन्यांत टाळू आणि जट यांच्यामध्ये मोकळ्या केसांची जागा तयार होते आणि तेथून कात्री चालवली तर मुलीला तिळमात्र इजा होत नाही. जट कापल्यावर मानेवरचा भार उतरतो, टाळूवरच्या जखमांवर औषध लावता येते. यात देवीचा कोप नाही, तशीच देवीची कृपाही नाही.

युरोपलाही हा प्रश्न परका नव्हता. वैद्यकीय ग्रंथांत जटेला आजही ‘प्लिका पोलोनिका’, म्हणजे पोलंडची जट, हे नाव आहे. त्या देशातील खेडुतांची कित्येक शतके अशी श्रद्धा होती, की शरीरातील रोग जटेवाटे बाहेर पडतो आणि ती कापली तर माणूस आंधळा होतो किंवा वेडा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला क्राकोव्ह येथील वैद्यकाचे प्राध्यापक युझेफ दीत्ल यांनी हा रोग नसून अस्वच्छतेचा परिणाम आहे असे सांगत मोहीम उघडली. याच पोलंडचे सुमारे पाच हजार निर्वासित दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ ते १९४८, कोल्हापूरनजीक वळीवडे येथील छावणीत राहत होते. तोपर्यंत त्यांच्या देशात जट ही जवळजवळ इतिहासजमा झाली होती. तेथे काही देव बदलला नव्हता. डॉक्टर, शाळा, साबण आणि पाणी ही खेड्यापर्यंत पोहोचली होती.

वेणीफणीचे अर्थशास्त्र

सात वर्षांच्या मुलीचे पाठीवर रुळणारे केस रोज विंचरून दोन वेण्या घालायच्या तर पंधरा-वीस मिनिटे लागतात. आठवड्यातून एकदा न्हाऊ घालायचे तर बादलीभर जास्तीचे पाणी, ते तापवायला जळण, शिकेकाई किंवा शाम्पूची पुडी आणि केस वाळेपर्यंतचा वेळ लागतो. डोक्यात उवा झाल्या तर बारीक दातांच्या फणीने रोज अर्धा तास लिखा ओढाव्या लागतात. लिखा सात ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून हे काम एका दिवसात संपत नाही, दोन-तीन आठवडे नेटाने करावे लागते. घरात दोन मुली असतील तर हिशेब दुप्पट. मध्यमवर्गीय घरात हा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तेथे हा वेळ असतो. पहाटे चारला उठून, भाकऱ्या बडवून, सहाच्या आत फडाकडे निघणाऱ्या बाईजवळ तो नसतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर कालविनियोगाची पाहणी केली. घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्या कामांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात, तर अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे त्या पाहणीत आढळले. पाण्याच्या घागरी, चूल, धुणे, गुरांचे शेण यांतून जी मिनिटे उरतील त्यांत मुलीच्या केसांचा नंबर लागतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेत या श्रमाला जागा नाही. जो श्रम मोजला जात नाही त्याची तूटही मोजली जात नाही. ही तूट शेवटी लहान मुलीच्या डोक्यावर साचते आणि समाज तिला देवीचे बोलावणे म्हणतो.

कोल्हापूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात हे चित्र दरवर्षी दिसते. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आलेल्या टोळ्या हंगामभर कोप्यांत राहतात. आई-बाप फडात असतात. सहा-सात वर्षांची पोर मागे राहून दीड-दोन वर्षांच्या भावाला सांभाळते. पाचटाची धूळ, वारा, न्हाणीचा अभाव आणि विंचरणारे कोणी नाही, अशा स्थितीत तिचे केस तांबूस, राठ होऊन एकमेकांत गुरफटतात. पुष्कळ आया यावर एकच उपाय करतात, मुलीचे केस मुलासारखे कापून टाकतात. हा उपाय व्यवहारी आहे आणि त्याला नाव ठेवण्याचे कारण नाही. पण ज्या घरात यल्लम्माची परडी असते तेथे हाच उपाय बंद होतो, कारण तेथे गुंता पवित्र ठरलेला असतो.

परडीचेही एक अर्थशास्त्र होते आणि ते विसरून चालणार नाही. ज्या घरात मुलगा नाही तेथे देवीला सोडलेली मुलगी मुलाच्या जागी राहत असे. तिचे लग्न होत नसे, म्हणून ती घर सोडून जात नसे. जोगवा मागून किंवा कोणाची रखेल म्हणून राहून ती म्हाताऱ्या आई-बापांना पोसत असे. या मुली बव्हंशी दलित, भूमिहीन घरांतल्या होत्या आणि त्यांच्यातील कित्येकींची वाट पुढे मुंबईच्या वेश्यावस्तीत गेली. गावातील धनिकांना या व्यवस्थेतून बिनजबाबदारीचा उपभोग मिळत होता आणि दलालांना पैसा. जट ही या साऱ्या व्यवहाराची अशी सनद होती, की तिच्यावर सही करणारा माणूस कोठे दिसत नसे. डॉ. राजन गवस यांनी ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांतून या भागातील जोगतिणी-जोगत्यांचे जगणे मराठी वाचकापुढे ठेवले आणि २००९ सालच्या ‘जोगवा’ या चित्रपटाने ते अधिक व्यापक प्रेक्षकवर्गापर्यंत नेले. त्या कलाकृती पाहून हळहळणाऱ्या शहरी माणसाने एवढे ध्यानात घ्यावे, की त्या जगण्याची सुरुवात पुष्कळदा एका न विंचरलेल्या डोक्यापासून होत असते.

येथे एक आक्षेप संभवतो. जट केवळ गरिबांच्या घरी होते असे नाही. पुण्यामुंबईच्या सुशिक्षित घरांतील स्त्रियांच्याही जटा कार्यकर्त्यांनी सोडवल्या आहेत. हे खरे आहे, आणि म्हणूनच दारिद्र्य हे एकच कारण सांगून मोकळे होता येत नाही. दीर्घ आजारपण, बाळंतपण, मनाची खिन्नता अशा कारणांनीही केसांकडे दुर्लक्ष होते आणि गुंता होतो. गुंता होण्याला निगेची उणीव पुरेशी असते. त्या गुंत्याची जट व्हायला मात्र भीती लागते. सुशिक्षित घरात निगेची साधने असूनही भीती ती वापरू देत नाही. गरीब घरात उणीव आणि भीती एकत्र नांदतात. म्हणून तेथे एकीवर इलाज करून दुसरी तशीच ठेवणे उपयोगाचे नाही.

डोके कोणाचे

मुलीच्या केसांवर अधिकार कोणाचा, हा प्रश्न एकट्या यल्लम्माच्या मुलुखातला नाही. आफ्रिकेत आणि अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलींच्या बाबतीत तो वेगळ्या रूपाने उभा राहिला आहे. त्यांचे केस निसर्गतःच घट्ट कुरळे असतात, लवकर कोरडे पडतात आणि ओढले तर तुटतात. ते ओले करून, तेल चोळून, रुंद कंगव्याने टोकाकडून सोडवत, बारीक बारीक वेण्या घालण्याची एक मोठी परंपरा तेथील आया-आज्यांनी जपली आहे. या वेण्यांसाठी मुली तासन्‌तास आजीच्या गुडघ्यांमध्ये बसतात. तेथील केसांच्या लडी ही आपल्याकडच्या अर्थाने जट नव्हे. त्या हौसेने वळलेल्या, धुतलेल्या, निगा राखलेल्या असतात. पण गोऱ्यांच्या सत्तेने या केसांनाच गबाळे ठरवले. रसायनांनी किंवा तापल्या लोखंडी फणीने ते सरळ केल्याखेरीज शाळेत आणि नोकरीत मान मिळेना. २०१६ साली दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरियाच्या मुलींच्या एका शाळेत विद्यार्थिनींनी केसांविषयीच्या नियमांविरुद्ध निदर्शने केली. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा केला आणि नंतर इतर अनेक राज्यांनी तो मार्ग धरला.

तेथे मुलीला सांगितले जाते, की तुझे केस जसे आहेत तसे चालणार नाहीत. येथे सांगितले जाते, की तुझ्या केसांना हात लावायचा नाही. आज्ञा उलट आहेत, पण दोन्हीकडे मुलीचे डोके दुसऱ्याच्या सत्तेखाली आहे. महाराष्ट्राला हे नवीन नाही. ब्राह्मणी समाजात विधवेचे केशवपन ही याच सत्तेची आज्ञा होती आणि १८९० साली मुंबईत सत्यशोधक पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला तेव्हा त्या आज्ञेला पहिला संघटित धक्का बसला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांनीच तो खाली ठेवला. आज ज्यांच्या हातातून फणी खाली ठेवली गेली आहे त्यांच्या हाती ती परत देण्याचा प्रश्न आहे.

कृष्णवर्णीय मुलींचा हा उल्लेख आणखी एका कारणाने प्रस्तुत आहे. केसांची बाजारपेठ आज जागतिक आहे आणि भारत हा मानवी केसांचा मोठा निर्यातदार आहे. तिरुमला देवस्थान मुंडणात जमलेल्या केसांचा लिलाव करते. आपल्या गल्लीत केसांचा गुंतवळ घेऊन त्यावर भांडी-फुगे देणारा फेरीवाला याच व्यापाराचे सर्वांत खालचे टोक आहे. या केसांचे टोप आणि जोडकेस होतात आणि त्यांतील मोठा भाग आफ्रिकेतील व अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया विकत घेतात, कारण त्यांना आपले केस कमी प्रतीचे आहेत असे पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले. केस डोक्यावरून उतरून बाजारात गेला की त्याला वजनावर भाव मिळतो. तोच केस गरीब मुलीच्या डोक्यावर असतो तेव्हा त्याच्या निगेसाठी कोणत्याही अंदाजपत्रकात एक पैसा नसतो.

शासनाचा या विषयाशी संबंध आला तो कर गोळा करण्यापुरता. खोबरेल तेलाची छोटी बाटली हे खाण्याचे तेल की केसांचे तेल, यावर सरकार आणि कारखानदार वर्षानुवर्षे न्यायालयात भांडत होते. कारण खाद्यतेलावर कर कमी होता, केशतेलावर जास्त. शुद्ध खोबरेल छोट्या बाटलीत भरले म्हणून ते केशतेल होत नाही, ते खाद्यतेल मानता येईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिला. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल, शाम्पू आणि अंगाचा साबण यांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. हे स्वागतार्ह आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की २०१७ साली हा कर सुरू झाल्यापासून आठ वर्षे गरीब मुलीच्या डोक्याला लावायचे तेल, ते केसांचे म्हणून विकले गेले तर, चैनीच्या पंक्तीत बसवून करपात्र ठरवले गेले होते.

काय करता येईल

जट निर्मूलनाचे काम आज महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे आणि इतर संघटनांचे कार्यकर्ते स्वतःच्या पदराला खार लावून करतात. घरी जाऊन बोलणे, पुन्हा जाणे, सासूची समजूत घालणे, मग कुटुंबाच्या संमतीने कात्री लावणे, आणि नंतर घरात कोणाला ताप आला तरी तो जट कापल्याने आला नाही हे पटवण्यासाठी पुन्हा भेटत राहणे, असे हे चिकाटीचे काम आहे. जबरदस्तीने कापलेली जट मनात कायम राहते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे. त्या कामाचा भार हलका करायचा तर गुंत्याची जट होण्याअगोदरच कोणीतरी तेथे पोहोचले पाहिजे. आणि असे पोहोचू शकणारी यंत्रणा गावोगावी अस्तित्वात आहे.

गडहिंग्लजची परिषद ज्या वर्षी भरली त्याच १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्यातून अंगणवाडी आली. आज मुलीचे डोके आईखालोखाल कोणी रोज पाहत असेल तर ती अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षिका. प्रत्येक अंगणवाडीला आणि शाळेला तेल, कंगवे, बारीक फण्या आणि उवांचे औषध यांसाठी ठरावीक रक्कम द्यावी. कंगवा ज्याचा त्याला वेगळा द्यावा, म्हणजे उवा पसरणार नाहीत. आठवड्यातील एक तास वेणीफणीचा ठेवावा. मात्र हे काम आधीच तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या माथी फुकट मारू नये. त्यासाठी मदतनीस बाईला वेगळा मोबदला द्यावा किंवा गावातील बचत गटाला ते काम द्यावे. विनामोबदला श्रमाची तूट भरून काढण्यासाठी दुसऱ्या बाईचा विनामोबदला श्रम वापरणे हा काही इलाज नव्हे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात. खरूज, नायटा यांसारखे त्वचेचे विकार ती पाहतातच. त्याच वेळी डोके पाहणे, गुंता किंवा उवा दिसल्या तर नोंद करणे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा येणे एवढे वाढवावे. डॉक्टरच्या तोंडून “हा केसांचा गुंता आहे, आज सुटेल” हे वाक्य आईने वेळेवर ऐकले तर देवऋष्याच्या तोंडचे वाक्य ऐकण्याची वेळ येणार नाही. साखर कारखान्यांनी ऊसतोड टोळ्यांच्या वस्तीवर न्हाणीघर आणि पुरेसे पाणी देणे ही हंगामाची अट असावी. ज्या कारखान्यांचे सहकारी म्हणून नाव घेतले जाते त्यांना या सहकाराची आठवण करून देण्यात संकोच कसला?

यावर दोन बाजूंनी टीका होईल. श्रद्धेच्या बाजूने म्हटले जाईल, की साधूने जटा वाढवल्या तर चालतात, मग देवीच्या भक्तिणीच्या का खुपतात? याचे उत्तर सोपे आहे. प्रौढ माणसाने आपल्या डोक्याचे काय करावे हा त्याचा प्रश्न आहे. सात वर्षांच्या मुलीला कोणी विचारलेले नसते. दुसरी टीका आपल्याच बाजूच्या काही मित्रांकडून होईल. वर्गसंघर्ष, जमीनधारणा, किमान वेतन हे मोठे प्रश्न असताना वेणीफणीचा प्रश्न कशाला, असे ते विचारतील. पण आईला किमान वेतन मिळाले, तिचा कामाचा दिवस आठ तासांचा झाला आणि तिच्या दारात पाण्याचा नळ आला, तर मुलीचे केस विंचरले जातील. ते विंचरले जात नाहीत याचा अर्थ हे मोठे प्रश्न सुटलेले नाहीत. मुलीचे डोके ही त्या प्रश्नांची सर्वांत लहान आणि सर्वांत स्पष्ट नोंदवही आहे.

शाहू छत्रपतींनी १९१७ साली संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, त्यामागे शाळा ही सर्व जातींच्या मुलांची एकत्र येण्याची जागा व्हावी ही दृष्टी होती. जटेमुळे बाकावर एकटी बसलेली मुलगी ही त्या दृष्टीची हार आहे. जिल्हा परिषदेने येत्या अंदाजपत्रकात आपल्या शाळा-अंगणवाड्यांसाठी तेला-फणीची तरतूद करावी आणि सीमेच्या दोन्ही बाजूंच्या शासनांनी गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात ती एकत्रितपणे राबवावी, ही मागणी समाजवादी कार्यकर्त्यांनी ग्रामसभांतून लावून धरली पाहिजे. मोर्चाने मागण्याइतकी ती मोठी दिसत नसेल. पण सौंदत्तीच्या यात्रेला निघण्याअगोदर एखाद्या आईने पोरीला समोर बसवून गुंता सोडवायला घेतला, तर त्या एका घरापुरते शंभर वर्षांच्या कायद्यांचे काम पुरे झालेले असेल.